एकच कोड, दोन मशीन, दोन उत्तरं: प्रोसेसरच्या वाढीव इन्स्ट्रक्शन्सची गोष्ट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. माझ्या सिम्युलेशनमध्ये काही कण सुरुवातीला स्थिर असतात, म्हणजे त्यांचा संवेग शून्य. लॅबमधल्या डेस्कटॉपवर तो शून्यच यायचा. तोच कोड क्लस्टरवर नेला, तिथे नव्याने कंपाइल केला आणि रात्रभर चालवला. सकाळी आउटपुट फाइल उघडली तर जिकडे तिकडे ‘नॅन’. नॅन म्हणजे ‘नॉट अ नंबर’, ही संख्याच नाही, असं सांगण्याची कॉम्प्युटरची पद्धत.

दोन दिवस मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसले. एक ओळही बदललेली नव्हती. शेवटी लॅबमधल्या सीनियर दादाने विचारलं, “कंपाइल करताना कुठले फ्लॅग दिलेस?” मी कुठल्याशा मदतपानावरून उचलून ‘मार्च=नेटिव्ह’ हा फ्लॅग दिला होता. (हा मार्च महिना नव्हे, ‘मशीन आर्किटेक्चर’चं लघुरूप.) “मग एफएमए लागलं असणार,” तो म्हणाला आणि चहाला निघून गेला. एफएमए म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गाइड मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: “दोन मशीनवर दोन उत्तरं येत असतील, तर पेपरमध्ये आपण कुठलं छापायचं?”

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे समजलं ते आज लिहिते आहे. तुमचा विषय भौतिकशास्त्र असो, रसायन, हवामान किंवा संख्याशास्त्र, कधी ना कधी तुमचा कोड तुमच्या लॅपटॉपवरून दुसऱ्या मशीनवर जाणारच आहे.

इन्स्ट्रक्शन सेट म्हणजे काय

प्रोसेसरला सी, फोरट्रान किंवा पायथन कळत नाही. त्याला कळतात त्या ठरावीक इन्स्ट्रक्शन्स: ही संख्या मेमरीतून आण, या दोन संख्यांची बेरीज कर, उत्तर तिकडे ठेव. या सगळ्या इन्स्ट्रक्शन्सची यादी म्हणजे इन्स्ट्रक्शन सेट. कंपायलरचं काम तुमच्या कोडचं या यादीतल्या शब्दांत भाषांतर करणं.

ही यादी कायमची गोठलेली नसते. कंपन्या तिच्यात भर घालतात, आणि त्या प्रत्येक भरीला म्हणतात एक्स्टेन्शन. जुन्या इन्स्ट्रक्शन्स तशाच राहतात, त्यामुळे जुने प्रोग्रॅम चालत राहतात. नव्या इन्स्ट्रक्शन्स मात्र ज्या प्रोसेसरमध्ये आहेत तिथेच चालतात.

रिस्क-फाइव्ह या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटमध्ये ही कल्पना सगळ्यात स्वच्छ दिसते. त्याच्या मूळ यादीत पूर्णांकांचा गुणाकारसुद्धा नाही! तो ‘एम’ या एक्स्टेन्शनमध्ये येतो, अपूर्णांकांचं गणित ‘एफ’ आणि ‘डी’मध्ये, आणि एकाच वेळी अनेक संख्यांवर काम करायची सोय ‘व्ही’मध्ये. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर याच रिस्क-फाइव्हवर उभे आहेत.

पहिली युक्ती: एका फटक्यात अनेक

आपल्या लॅपटॉप आणि क्लस्टरमध्ये बहुतेक वेळा इंटेल किंवा एएमडीचे प्रोसेसर असतात, म्हणून त्यांचाच इतिहास थोडक्यात पाहू.

१९८० साली आलेली इंटेल ८०८७ ही चिप म्हणजे अपूर्णांकांच्या गणितासाठी मुख्य प्रोसेसरच्या शेजारी बसवायचा वेगळा मदतनीस होता. १९८९ च्या ८०४८६ मध्ये हा मदतनीस मुख्य चिपच्या आत आला. पण तेव्हाही एका इन्स्ट्रक्शनमध्ये एकच बेरीज व्हायची.

१९९७ मध्ये इंटेलने एमएमएक्स आणलं. ६४ बिटच्या एका रजिस्टरमध्ये अनेक छोटे पूर्णांक शेजारी शेजारी ठेवायचे आणि एका इन्स्ट्रक्शनमध्ये सगळ्यांवर एकच क्रिया करायची, ही त्यातली कल्पना. हिला सिम्ड म्हणतात: ‘सिंगल इन्स्ट्रक्शन, मल्टिपल डेटा’. हॉस्टेलच्या मेसमध्ये एका पोळीच्या तव्याऐवजी चार पोळ्यांचा मोठा तवा आणला तर भाजणारा माणूस एकच राहतो, पोळ्या मात्र चार निघतात. तसंच.

मग तवा मोठा होत गेला. १९९९ च्या एसएसईमध्ये रजिस्टर १२८ बिटचे झाले आणि त्यात ३२ बिटचे चार अपूर्णांक मावू लागले. त्यानंतरच्या एसएसई२ मध्ये ६४ बिटचे, म्हणजे आपण ‘डबल’ म्हणतो ते, दोन. २०११ मध्ये एव्हीएक्सने २५६ बिट दिले: चार डबल. २०१३ मध्ये एव्हीएक्स२ आणि इंटेलच्या बाजूने एफएमए आलं. पुढे एव्हीएक्स-५१२ मध्ये एका रजिस्टरमध्ये आठ डबल मावू लागले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती माझ्या डोक्यात नव्हती. ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर तुम्ही काहीच फ्लॅग न देता कंपाइल केलं, तर कंपायलर सहसा एसएसई२ पर्यंतच्याच इन्स्ट्रक्शन्स वापरतो. कारण तेवढ्या त्या जातीच्या प्रत्येक प्रोसेसरमध्ये असण्याची खात्री आहे. म्हणजे मशीन कालचं असलं तरी तुमचा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीच्या यादीवरच चालतो. ‘मार्च=नेटिव्ह’ म्हणजे कंपायलरला दिलेली मुभा: या मशीनमध्ये जे जे आहे ते सगळं वापर.

मी ती मुभा दिली होती. परिणाम काय होईल हे न विचारता.

दुसरी युक्ती: गुणाकार आणि बेरीज एका दमात

वैज्ञानिक गणितात ‘अ गुणिले ब अधिक क’ हा आकार पावलोपावली येतो. मॅट्रिक्सचा गुणाकार, बहुपदीची किंमत, न्यूरल नेटवर्क, सगळीकडे हेच. म्हणून या दोन क्रियांची एकच इन्स्ट्रक्शन बनवली: ‘फ्यूज्ड मल्टिप्लाय-अ‍ॅड’, म्हणजे एफएमए. १९९० च्या आयबीएम आरएस/६००० मशीनमध्ये ती होती, आणि अपूर्णांकांच्या गणिताचं जे मानक आहे, आयईईई ७५४, त्यात ती २००८ च्या आवृत्तीत आली.

वेग वाढतो हे उघड आहे, कारण दोन कामं साधारण एकाच्या वेळात होतात. पण ‘फ्यूज्ड’ या शब्दात आणखी एक गोष्ट आहे. साध्या पद्धतीत गुणाकार झाल्यावर उत्तर एकदा राउंड होतं, मग बेरीज झाल्यावर पुन्हा. एफएमएमध्ये मधलं राउंडिंग होतच नाही. गुणाकार पूर्ण अंकांसह जपला जातो, त्यात बेरीज होते, आणि शेवटी एकदाच राउंड.

समजा आपल्या कॉम्प्युटरला तीनच सार्थ अंक ठेवता येतात. १.०१ × १.०१ − १.०२ काढायचं आहे. साध्या पद्धतीत १.०१ × १.०१ = १.०२०१, राउंड करून १.०२, वजा १.०२, उत्तर शून्य. एफएमएमध्ये १.०२०१ − १.०२ = ०.०००१. खरं उत्तर ०.०००१ हेच आहे. म्हणजे एफएमए जास्त वेगवानही आहे आणि जास्त अचूकही.

मग माझा कण का बिघडला?

स्थिर कण चालायला कसा लागला

माझ्या कोडमध्ये संवेग असा काढला होता (प्रकाशाचा वेग १ धरून):

संवेग = √(ऊर्जा × ऊर्जा − वस्तुमान × वस्तुमान)

पुस्तकातलंच सूत्र. कण स्थिर असेल तर ऊर्जा आणि वस्तुमान समान, म्हणून वजाबाकी शून्य आणि संवेग शून्य.

आता तीन अंकांच्या कॉम्प्युटरवर दोन्ही १.०८ धरा. साध्या पद्धतीत दोन्ही गुणाकार १.१६६४ येतात आणि दोन्ही राउंड होऊन १.१७ होतात. वजाबाकी शून्य. दोन्हीकडे चूक झाली आहे, पण सारखीच, म्हणून ती कटून जाते.

एफएमए वापरताना कंपायलर काय करतो? एका इन्स्ट्रक्शनमध्ये एकच गुणाकार बसतो. म्हणून वस्तुमानाचा वर्ग आधी वेगळा काढला जातो: १.१६६४, राउंड होऊन १.१७. मग ऊर्जेचा वर्ग एफएमएमध्ये जातो, राउंड न होता: १.१६६४ − १.१७ = −०.००३६. या ऋण संख्येचं वर्गमूळ घ्यायला सांगितलं की उत्तर नॅन.

एका बाजूला राउंडिंग झालं, दुसऱ्या बाजूला नाही. सूत्रातली समानता मोडली. एक पायरी जास्त अचूक झाली म्हणून अंतिम उत्तर जास्त वाईट झालं.

हे समजल्यावर मला हायसं वाटलं, पण लगेच पुढचा विचार आला आणि पोटात गोळा आला. वस्तुमान १.०८ ऐवजी १.०३ असतं तर? वर्ग १.०६०९, राउंड होऊन १.०६. एफएमएचं उत्तर +०.०००९, वर्गमूळ ०.०३. इथे नॅन येत नाही. एक साधी, निरागस दिसणारी संख्या येते. स्थिर कणाला ०.०३ संवेग मिळतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

खऱ्या डबलमध्ये ही चूक किती मोठी? एका राउंडिंगमधली सापेक्ष चूक जास्तीत जास्त सुमारे १०^−१६ असते. पण आपण वर्गमूळ घेतो, म्हणून ती साधारण १०^−८ होते. सोळा अंकांपर्यंत बरोबर असायला हवं तिथे आठव्या अंकालाच गडबड. लाखो पायऱ्या पुढे जाणाऱ्या सिम्युलेशनमध्ये हे चालणारं नव्हतं. नॅन आले हे माझं नशीब. ते आले नसते तर मी तसाच आलेख काढून मॅडमना दाखवला असता.

उपाय एका ओळीचा निघाला, आणि तो शाळेतल्या बीजगणितात होता:

संवेग = √((ऊर्जा − वस्तुमान) × (ऊर्जा + वस्तुमान))

दोन्ही समान असतील तर पहिला कंस तंतोतंत शून्य. एफएमए असो वा नसो. दोन संख्या जवळजवळ समान असतील तेव्हाही ही वजाबाकी राउंडिंगशिवाय होते, त्यामुळे हे रूप मुळातच जास्त भरवशाचं आहे.

म्हणजे दोष एफएमएचा नव्हता, कंपायलरचाही नव्हता. माझं सूत्र आधीपासून नाजूक होतं. जुन्या मशीनवर दोन चुका एकमेकींना कापत होत्या म्हणून ते उघडं पडलं नव्हतं.

आणि ती −०.००३६ ही संख्याही कचरा नाही. १.०८ च्या वर्गाला राउंड करताना नेमकी किती चूक झाली, तेच ती सांगते. एफएमएने ही चूक अचूक मोजता येते, आणि त्यावर डबलपेक्षा जास्त अंकांचं गणित करणाऱ्या लायब्ररी उभ्या आहेत. न मागता मिळाली तर ती घातक, मागून घेतली तर औजार.

बेरजेचा क्रमही बदलतो

एफएमए बाजूला ठेवलं तरी सिम्डमुळे दुसरा फरक पडतो. कागदावर बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच. कॉम्प्युटरवर तसं नाही.

पुन्हा तीन अंकांचा कॉम्प्युटर घ्या. १०० मध्ये ०.४ मिळवा: १००.४, राउंड होऊन १००. पुन्हा ०.४, पुन्हा १००. तिसऱ्यांदाही १००. पण आधी ०.४ ची तीनदा बेरीज केली तर १.२, आणि १०० + १.२ = १०१.२, राउंड होऊन १०१.

चार घरांच्या रजिस्टरने लांब यादीची बेरीज करायची तर चार वेगवेगळ्या उपबेरजा चालतात आणि शेवटी त्या एकत्र होतात. आठ घरं असतील तर आठ उपबेरजा. क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात. म्हणूनच जीसीसीसारखा कंपायलर तुम्ही स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय अपूर्णांकांच्या बेरजेचा क्रम बदलत नाही. ही परवानगी देणारा प्रसिद्ध फ्लॅग म्हणजे ‘फास्ट-मॅथ’. पण तो आणखीही बरंच काही गृहीत धरतो, त्यात नॅन कधी येणारच नाहीत हेही आलं. त्यामुळे तुम्ही कोडमध्ये नॅन तपासणारी ओळ लिहिली असेल, तर तीच तो काढून टाकू शकतो. धूर आल्यावर वाजणारा अलार्म काढून ठेवण्यासारखं आहे हे.

पायथनवाल्यांनी निश्चिंत राहू नये. नमपाय किंवा ओपनब्लास यांसारख्या लायब्ररी चालू असतानाच प्रोसेसरला विचारतात, तुझ्याकडे काय काय आहे, आणि त्याप्रमाणे वेगळा कोड निवडतात. म्हणजे कंपाइल न करताही दोन मशीनवर शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात.

खरंच किती वेग मिळतो?

जाहिरातीतला हिशोब सोपा असतो. एव्हीएक्स२ असलेल्या आणि एफएमएची दोन युनिट असलेल्या कोअरमध्ये एका क्लॉकला ४ डबल × २ क्रिया × २ युनिट = १६ क्रिया. ३ गिगाहर्ट्‌झला सेकंदाला ४८ अब्ज.

आता दोन लांब यादींचा डॉट प्रॉडक्ट घ्या. प्रत्येक गुणाकार-बेरजेसाठी दोन डबल, म्हणजे १६ बाइट मेमरीतून आणावे लागतात. ४८ अब्ज क्रियांसाठी सेकंदाला ३८४ गिगाबाइट लागतील. डीडीआर४-३२०० मेमरीच्या दोन चॅनलची कमाल क्षमता ५१.२ गिगाबाइट. म्हणजे सेकंदाला फार तर ६.४ अब्ज क्रिया. तवा कितीही मोठा आणा, कणीक मळणारा एकच असेल तर पोळ्या तेवढ्याच निघणार.

उलट १००० × १००० च्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार घ्या. तिथे प्रत्येक मॅट्रिक्समध्ये १० लाख संख्या, पण क्रिया २०० कोटी. आणलेली संख्या पुन्हा पुन्हा वापरली जाते. अशा कामाला रुंद रजिस्टरचा पुरेपूर फायदा होतो. म्हणून फ्लॅग लावण्याआधी स्वतःला विचारा: माझा कोड गणितात अडकलाय की मेमरीत?

तुम्ही काय करायचं

माझ्या चुकांमधून बनलेली यादी देते.

एक, निकालाबरोबर प्रोसेसरचं मॉडेल, कंपायलरची आवृत्ती आणि सगळे फ्लॅग लिहून ठेवा. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही कमांड दिली की तुमच्या मशीनमध्ये कुठली एक्स्टेन्शन्स आहेत त्यांची यादी येते.

दोन, ‘नेटिव्ह’ म्हणजे जिथे कंपाइल करताय ते मशीन. क्लस्टरचा लॉगिन नोड नवा आणि काम करणारा नोड जुना असेल, तर प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून जागच्या जागी मरतो. सगळ्या नोडमध्ये जे समान आहे तेवढंच मागा.

तीन, कोड एकदा एफएमए बंद करूनही चालवा. जीसीसी आणि क्लँगमध्ये त्यासाठी ‘एफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ असा फ्लॅग आहे. दोन्ही उत्तरांत पंधराव्या-सोळाव्या अंकाचा फरक असेल तर तो राउंडिंगचा आहे असं समजायला हरकत नाही. आठव्या अंकाला फरक दिसला तर थांबा आणि तो कुठून आला ते शोधा.

चार, फ्लॅग दिला नाही म्हणजे सुरक्षित, असं मानू नका. ६४ बिटच्या आर्म प्रोसेसरमध्ये, म्हणजे अ‍ॅपलच्या नव्या लॅपटॉपमध्येही, एफएमए मूळ यादीतच आहे. तिथे कंपायलर ते न विचारता वापरू शकतो.

पाच, टेस्ट लिहिताना दोन अपूर्णांक ‘समान आहेत का’ असं विचारू नका, ‘किती जवळ आहेत’ असं विचारा. आणि ते ‘किती’ आधी ठरवा, उत्तर पाहिल्यावर नाही.

सहा, जवळजवळ समान वर्गांची वजाबाकी दिसली की सावध व्हा. वर्गसमीकरण सोडवतानाचा ‘ब वर्ग वजा ४अक’ हाही त्याच घरातला.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मी आठवडाभराने दिलं. दोन्हीपैकी कुठलंच छापायचं नाही. आधी सूत्र असं लिहायचं की दोन्ही मशीन आपापल्या राउंडिंगच्या मर्यादेत सहमत होतील, आणि मग ते छापायचं. मॅडमनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “मग जुने रनही पुन्हा कर.”

चार महिन्यांचे रन होते. पुन्हा केले. नव्या फ्लॅगमुळे ते आधीपेक्षा बरेच लवकर संपले, हे मात्र खरं.